उत्तराची वाट

क्लाक्सविकच्या दवाखान्यामागे, केरसुण्यांच्या खोलीत,
फरशी पुसायच्या बादल्यांवरच्या फळीवर स्विच ठेवलाय.
समोर मासळीच्या उपड्या क्रेटवर बर्गटोरा,
मांडीवर लॅपटॉप, पायांत मोज्यांचे दोन जोड.
बाहेर धुकं इतकं
की बंदरातल्या बोटी दोरांच्या कुरकुरीवरून ओळखायच्या.
फेरी बंद. हेलिकॉप्टर बंद.
आणि पलीकडे फुग्लोय बेटावर
मेंढीच्या दोरात पिळवटलेलं एका पोराचं मनगट,
त्याचा फोटो काढून झालाय,
इकडच्या डॉक्टरीणबाईंना अजून दिसत नाही.

स्विच तसा कष्टाळू.
आपल्या खोलीतली माणसं त्याला पाठ:
कोण कुठल्या दाराशी बसतं, कुणाचं पाकीट कुणाला.
उंबरा ओलांडायचा म्हटलं की मात्र गप्प.
येतं त्याला, कारखान्यातूनच शिकून आलाय,
पण सांगितल्याशिवाय करणार नाही.
तिनं दुपारी सांगितलं: आयपी राउटिंग.
एंटर.
पंख्याची घरघरसुद्धा बदलली नाही.

मग रस्ता सांगितला. अख्खा नव्हे,
अख्खा रस्ता इथं कुणीच पाठ करत नाही.
एवढंच, की फुग्लोयचं पाकीट आलं
तर डोंगरावरच्या खांबाच्या हातात द्यायचं,
पुढचं खांब बघेल.
आणि दवंडी पिटायची नाही.
एकाकडून निघालेलं, एकाच्याच नावाचं,
मधल्यांनी पत्ता वाचायचा, मजकूर नाही.

पिंग.
टिंब. टिंब. टिंब. टिंब. टिंब.
स्विचच्या खांबाकडच्या पत्त्यावरून हाक मारली की ओ येते,
दवाखान्याच्या पत्त्यावरून मारली की टिंबं.
तिनं केबल काढली, फुंकली, परत लावली
(फुंकून काही होत नाही, तिला ठाऊक आहे).
तीन तास स्वतःच्याच ओळी वाचल्या,
आपणच लिहिलेलं पत्र चुकलं असेल म्हणून.
कॉफीवर साय धरली.

सव्वानऊला उठून उभी राहिली.
पोचतंय.
पहिल्या हाकेपासून सगळं पोचतंय.
तिकडून ओ निघते,
आणि दारातच थबकते:
हे दवाखान्याचं घराणं राहतं कुठे?
त्या स्विचला कुणी सांगितलंच नव्हतं.

लांबून आत शिरायची सोय त्या पेटीवर नाही.
फोन लावला. यास्पुरनं उचलला,
बेटाचा पोस्टमन, गरजेला सुईणसुद्धा
(मेंढ्यांची).
नर्सचा लॅपटॉप त्यानं परातीसारखा धरलाय.
"लिही. आयपी रूट. मग दहा, वीस, शून्य, शून्य."
"मधे टिंब म्हणायचं का?"
"टाकायचं. मग दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न..."
"ऐकलं गं एकदाच. बहिरा नाहीये मी."
"तीनदाच लिहायचं असतं, यास्पुर. मग शून्य. मग खांबाचा पत्ता."
पेन्सिलीची खरखर. आधी कागदावर उतरवतोय,
पोस्टातली सवय.
मग एकेक कळ, मासा टोचल्यासारखी.
"म्हणजे पाकिटावर मागे पाठवणाऱ्याचं गाव नव्हतं?"
"गाव होतं. तुमच्या पोस्टाला ते गाव माहीत नव्हतं."
"अस्सं," तो म्हणाला, "हे होतं."

तिनं या वेळी थेट फोटोच्या यंत्रालाच हाक मारली.
पहिलं टिंब.
तिचा श्वास अडकला नाही, पहिलं जातंच,
ह्या नावाचं घर कुठलं
ते गल्लीत विचारण्यात जातं.
मग उद्गारचिन्ह.
उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह.
भिंतीपलीकडे डॉक्टरीणबाईंची खुर्ची सरकली.
हाड सरळ होतं. नुसती सूज.

"बंद करू आता?"
"थांब! आधी जतन कर. नाहीतर वीज गेली की विसरेल."
त्यानं केलं. मग म्हणाला,
"कागद मी मेंढ्यांच्या मोजणीशेजारी भिंतीला लावतो.
पेटीचं सांगता येत नाही."

फोन ठेवला नाही दोघांनीही लगेच.
तिकडे धुकं कसं आहे, तिनं विचारलं.
ओ आली.